चौदा फुटी आंब्याला किती मोठा कटर लागतो?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मंडणगड तालुक्यातला. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या बागेतली झाडं आडवी झाली, तेव्हा ५८ सीसीचा, २२ इंची पात्याचा कटर (पेट्रोलवर चालणारी चेनची करवत) घेतला. आधी घरची झाडं कापली, मग शेजाऱ्यांची, आणि आता तोच माझा धंदा झाला आहे. हाताखाली दोन माणसं आहेत. बहुतेक झाडं चार ते सात फुटी असतात. आंबा, फणस, क्वचित ऐन-किंजळ. यंदा मशीन दुसऱ्यांदा जाम झालं. आता एका बागायतदाराने सात जुने रायवळ आंबे दिलेत, बारा-चौदा फुटी. त्यांतले दोन वादळापासून कललेले आहेत, एक मुळासकट पडलेला आहे. एक ओळखीचा दुकानदार १०५ सीसीचं ‘०७०’ मॉडेल ३६ इंची पात्यासह देतोय, कंपनीच्या मोठ्या मशीनच्या चौथाई किमतीत. दुसरा पर्याय म्हणजे कर्ज काढून १२० सीसीचं कंपनीचं मशीन घ्यायचं. चौदा फुटी झाडाला ३६ इंच पातं पुरेल ना? सध्याच्या कटरचा चेन ब्रेकचा दांडा फांद्यांत अडकायचा म्हणून मी काढून ठेवला आहे, तर नवीन घेताना तो नसला तर चालेल का, हेही सांगा.

उत्तर:

दादा, नमस्कार. पत्रात तुम्ही सगळ्यात शेवटी जे विचारलंत, त्याचंच उत्तर आधी देतो. नाही, चालणार नाही. आणि हे वाचून झालं की आजच तो दांडा शोधा, मशीनला परत बसवा किंवा बसवून घ्या. तो बसेपर्यंत कटर सुरू करू नका.

पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला, आडव्या फांदीला, आतल्या गाठीला, शेजारच्या ओंडक्याला, तर चेनचा दात तिथे अडकतो आणि सगळं पातं वर उसळून मागे येतं. मागे म्हणजे तुमच्या खांद्याकडे, मानेकडे, तोंडाकडे. डोळ्यांना दिसून हात हलवावा एवढाही वेळ मिळत नाही. त्या झटक्यात डाव्या हाताचं मनगट पुढच्या दांड्यावर आपटतं आणि चेन थांबते. चांगल्या मशीनमध्ये मनगट लागलं नाही तरी झटक्याच्या जोरानेच ब्रेक बसतो. तुम्हाला जो दांडा फांद्यांत अडकतो असं वाटलं, त्याचं काम एवढं मोठं आहे. फांद्या छाटताना तो खरंच आड येतो, मला माहीत आहे. पण त्यावर उपाय छोट्या पात्याचा आहे, ते पुढे सांगतो. चिपळुणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. ब्रेक काढलेलं मशीन दुरुस्तीला आलं की मी आधी ब्रेक बसवतो आणि मग बाकीच्या कामाला हात लावतो. यावरून काही गिऱ्हाइकं रागावून गेली, तरी मी हे सोडलेलं नाही.

आता मापाकडे येऊ. तुम्ही ‘चौदा फुटी’ म्हणता ते घेराचं माप, फीत गुंडाळून घेतलेलं. वखारीत तसंच मोजतात आणि ते बरोबरच आहे, घनफुटाचा हिशोबही घेराच्या चौथाईवरच चालतो. पण पात्याला घेर कापायचा नसतो, आरपार जाडी कापायची असते. घेराला सव्वातीनाने भागलं की कामापुरती जाडी मिळते. काटेकोर हवी असेल तर ३.१४ ने भागा. चौदा फूट घेर म्हणजे साडेचार फुटांच्या आत जाडी, साधारण ५३ इंच. बारा फुटी म्हणजे ४६ इंच. तुमची रोजची चार ते सात फुटी झाडं म्हणजे १५ ते २७ इंच.

पातं जाडीएवढं लांब असावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी कापता येतं, म्हणून जाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त असलं की भागतं. ५३ इंचाला ३० इंची पातं दोन्ही बाजूंनी कसंबसं पोचतं आणि ३६ इंची आरामात पोचतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की ३६ इंच पुरतं. पण एवढ्यावरून ३६ इंची मशीन विकत घ्यावं असं मला वाटत नाही, आणि का ते नीट सांगतो.

जुना रायवळ आंबा डोळ्यांसमोर आणा. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर त्याचे तीन-चार फाटे होतात आणि त्यातला प्रत्येक फाटा चार, पाच, फार तर सहा फूट घेराचा असतो. म्हणजे एका झाडात लांब पात्याचं काम बुंध्याचा काप आणि बुंध्याचे तुकडे मिळून तीन-चार कापांचं. उरलेले चाळीस-पन्नास काप २० किंवा २५ इंची पात्याचे आहेत. सात झाडं धरली तर मोठ्या मशीनचं खरं काम एकवीस ते अठ्ठावीस कापांचं निघतं. तेवढ्यासाठी वर्षभर दहा-बारा किलोंचं ओझं उतारावरून वाहायचं, आणि कर्जाचा हप्ताही भरायचा?

त्या बुंध्याचं वजनही बघा. चौदा फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओला ओंडका चार टनांच्या आसपास जातो. वखारीच्या चौथाईच्या हिशोबात तो सव्वाशे घनफुटांच्या आत बसतो, खरं लाकूड त्याहून बरंच जास्त असतं. डोंगरउतारावरच्या बागेतून, गडगे ओलांडून तो बाहेर काढणार कोण? जेसीबी आत आला तरी तो उचलणार नाही, फार तर ढकलेल. तेव्हा काप कुठे घ्यायचे हे लाकूड बाहेर कसं जाणार त्यावर ठरवा, आणि ते बागायतदाराशी आणि वखारवाल्याशी आधी बोलून ठरवा. पेट्यांच्या फळ्यांसाठी जाणार असेल तर त्यांना लांबी किती हवी ते विचारा. एकदा चुकीच्या ठिकाणी काप गेला की तो ओंडका जळणाच्या भावाने जातो.

‘०७०’ बद्दल. मूळ मशीन जर्मन स्टिल कंपनीचं, साठच्या दशकातल्या आराखड्याचं, आणि त्या काळात ते फार दणकट मानलं गेलं. आज चौथाई किमतीत मिळतं ती त्याची नक्कल असते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एकाही ०७० ला चेन ब्रेक नव्हता. हाताला बसणारी थरथर कमी करायला नव्या मशीनमध्ये इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगा असतात, त्याही यात नव्हत्या. नुसतं इंजिनच दहा किलोंच्या वर, त्यात ३६ इंची पातं, चेन, पेट्रोल, ऑइल. हे एका जागी चौकटीत धरून फळ्या पाडायला वापरणारे लोक आहेत. पण कललेल्या आंब्याच्या बुंध्याशी, पाय निसटणाऱ्या पाल्यावर उभं राहून हे हातात धरू नका. जुन्या कटरवाल्यांची बोटं मी पाहिली आहेत. थंडीच्या सकाळी ती पांढरी पडतात, मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. ते वर्षानुवर्षांच्या थरथरीने होतं आणि एकदा झालं की बोटं पूर्वीसारखी होत नाहीत.

मग घ्यायचं काय? ७० सीसीच्या आसपासचं, धंद्यासाठी बनवलेलं मशीन. स्टिलचं एमएस ३८२ आहे, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, सव्वासहा किलोंच्या आत. हुस्कवर्नाचं ३७२ एक्सपी त्याच तोलाचं आहे. दोन्हींत मी डावं-उजवं करणार नाही. महाड, खेड, चिपळूण यांपैकी जिथे तुम्ही दोन तासांत पोचाल तिथे ज्याचे सुटे भाग आणि हाताळणारा मेकॅनिक मिळतो, ते घ्या. पावसाच्या तोंडावर चार झाडं अंगावर असताना ऑइल पंपासाठी पंधरा दिवस थांबावं लागलं तर मशीन कितीही चांगलं असून उपयोग नाही. त्याबरोबर दोन पाती घ्या, २० इंची आणि २५ इंची. तुमच्या चार ते सात फुटी झाडांचं सगळं काम यांत होतं.

स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका, किलोवॅट विचारा. स्वस्त मशीनवर ५८ किंवा ६२ लिहिलेलं असतं, आत सिलिंडर तेवढा असेलच असं नाही. आणि ताकदीला पेलेल तेवढंच पातं लावायचं. ५० सीसीला १६-१८ इंच, ७० ला २० ते २५, ९० ला २५ ते ३६, आणि १२० सीसीची मशीन ३६ च्या पुढच्या पात्यांची आणि फळ्या पाडायच्या कामाची. तुमच्या ५८ ला २२ इंची पातं होतं. ते पूर्ण बुडवून किंजळ कापायला लागलात की इंजिन ओढत नाही, फेरे पडतात, तापतं, आणि पिस्टनला ओरखडे पडतात. त्यात चेन बोथट असेल तर माणूस वरून आणखी दाबतो. माझ्या अंदाजाने दोन्ही वेळा असंच झालं असणार.

दुसरं कारण पेट्रोलचं असू शकतं. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला लिटरमागे २० मिली, साध्याला ४० मिली, आणि डबीवर काय लिहिलंय ते वाचून. अंदाजाने झाकणभर ओतणं बंद करा, मापाची बाटली ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसात महिनाभर टाकीत राहिलेलं मिश्रण वापरायचं नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन सुरू करून कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं जळू द्या.

पात्याच्या ऑइलबद्दल एक विनंती आहे. गाड्यांचं जळकं ऑइल वापरू नका. त्यात धातूची कीस असते, पातं आणि पंप दोन्ही खाते. शिवाय कापताना सगळं ऑइल शेवटी जमिनीवर पडतं, आणि आपल्या बागांमध्ये विहीर कधी लांब नसते. चेनचं ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर निदान नवीन जाड ऑइल.

आता सात मोठे आंबे. त्यांच्यासाठी ९० सीसीचं, ३६ इंची पात्याचं मशीन आणि ते चालवणारा जाणता माणूस तेवढ्या दिवसांसाठी रोजाने बोलवा. स्टिलचं एमएस ६६१ (९१.१ सीसी) किंवा हुस्कवर्नाचं ३९५ एक्सपी (९३.६ सीसी) या ताकदीचं. फाटे आधी तुम्ही तुमच्या ७० सीसीने उतरवा, बुंधा त्याने कापावा, आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघा. मोठ्या बुंध्याचं काम बघून शिकायचं असतं, पत्रातून मी ते शिकवू शकत नाही आणि शिकवणारही नाही. पुढच्या वर्षी अशी झाडं नेमाने यायला लागली तर ९० सीसीचं स्वतःचं घ्या. तेव्हा तुम्हाला ते हातात कसं बसतं हेही कळलेलं असेल. १२० सीसीची गरज मला तुमच्या कामात कुठेच दिसत नाही.

लांब पात्याचा आणखी एक खर्च कुणी सांगत नाही. २० इंची पात्याच्या चेनला ३६ च्या आसपास दात असतात, ३६ इंचीला ५७ च्या आसपास. तेवढ्यांना कानस मारायची. वादळात पडलेल्या झाडाच्या सालीत लाल माती आणि खडे बसलेले असतात, बांधावरच्या झाडात कुंपणाची तार आणि खिळे निघतात. एका खिळ्यावर गेलं की अर्धा तास धार लावण्यात जातो. म्हणून कापायच्या जागेची साल आधी कुऱ्हाडीने तासून घ्या. लांब पात्याला दोन दातांमध्ये जास्त अंतर असलेली चेन मिळते. दात कमी, भुसा बाहेर पडायला जागा जास्त, आणि घासायलाही कमी. ती मागा.

धारेची ओळख भुशावर आहे. चेन चांगली असली की मोठे कीस पडतात, पिठासारखी भुकटी पडायला लागली की थांबा. कानस चेनच्या मापाची, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या इंचातल्या अंतराप्रमाणे हवी. ०.३२५ च्या चेनला ४.८ मिमी. ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमी. ०.४०४ ला ५.५. तुमच्या ५८ वर बहुतेक ०.३२५ असेल, पात्याच्या बुडाशी कोरलेलं असतं, बघून घ्या. पेट्रोल भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारले तर दिवसभर दाबावं लागत नाही. फणस कापून झाला की चीक पात्याच्या खाचेत धरतो, तो त्याच संध्याकाळी काढा. आणि बागेच्या कडेला बिब्ब्याचं झाड असेल तर ते ओळखून सोडा. त्याचा भुसा उडाला तर अंगावर फोड येतात.

तुमच्या सातांपैकी तीन झाडांची मला जास्त काळजी वाटते. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा तो प्रचंड चकता आपल्या वजनाने परत खड्ड्यात उभा राहतो. कधी हळू, कधी एकदम. त्याच्या मागे, खड्ड्यात, मुळांच्या आडोशाला सावलीसाठी बसलेला माणूस असता कामा नये, आणि पोरंटोरं तर आसपासही नकोत. आधी चकता दोरखंडाने किंवा टेकूने बांधून घ्या. आडव्या खोडात एक बाजू दाबाखाली असते आणि दुसरी ताणाखाली. आधी दाबाच्या बाजूने थोडं कापायचं, मग ताणाच्या बाजूने. उलट केलंत तर पातं तरी अडकतं नाहीतर खोड फाटून उसळतं.

कललेली दोन झाडं ही सगळ्यांत वाईट. मागून सरळ काप घेतला तर ताणामुळे खोड मध्येच उभं चिरतं आणि मागचा भाग माणसाच्या छातीवर येतो. अशा झाडाला पुढे खाच घेऊन पातं मधून आरपार घुसवतात, मागे थोडं लाकूड राखतात आणि ते सगळ्यात शेवटी सोडतात. पात्याच्या टोकाने आत शिरायचं असल्याने उसळण्याचा धोका तिथेच जास्त. ही दोन झाडं त्या जाणत्या माणसालाच कापू द्या. सरळ उभ्या झाडाची रीत तुम्हाला येतच असणार. पुढची खाच जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी, मागचा काप, आणि दोन्हींमध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाची बिजागरी राखायची. ती बिजागरी झाडाला दिशा देते, म्हणून ती कधी पूर्ण कापायची नाही. पाचरी लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या वापरा, लोखंडी पाचर चेनला लागली की दात गेले. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको, आणि पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या तिरकस मागे, आधीच साफ केलेली.

जुना रायवळ आतून बहुधा पोकळ असतो, भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागून गेलेली असते. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा वाजवून बघा. पोकळ निघाला तर बिजागरीचा भरवसा नाही, दोरखंड आणि चेनपुली लावूनच काम करायचं. वर आग्या मोहोळ आहे का ते सकाळीच बघा.

कर्ज काढणार नाही आहात, तेव्हा वाचलेल्या पैशांतून तिघांसाठी जाळी आणि कानबंद असलेली हेल्मेटं घ्या. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. जो मशीन धरतो त्याला मांडीवर बांधायचं संरक्षक आवरण हवं. त्याच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन दातेरी चाकात अडकतात आणि चेन थांबते. एप्रिलच्या उकाड्यात ते नकोसं होतं. पहाटे कामाला लागा, अकराला थांबा, पण ते काढू नका. आणि चपला घालून कुणीही नाही.

परवान्याचं तुम्ही लिहिलं नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते. अर्ज मालकाने करायचा, पण परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय तुम्ही काप घालू नका. वाहतुकीच्या पासचं काय ते परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याच वेळी विचारून घ्या. यापुढे वादळात पडलेलं झाड कापायला कुणी बोलावलं तर तलाठ्याचा पंचनामा झालाय का ते आधी विचारा. तुम्ही तुकडे केल्यावर नुकसान दाखवायला मालकाकडे काही उरत नाही.

जुना ५८ विकू नका. पिस्टन-सिलिंडर बदलून घ्या, त्यावर १८ इंची पातं आणि नवी चेन बसवा. फांद्यांच्या कामाला तो हलका पडेल, पातं आखूड असल्याने दांडाही आधीइतका अडकणार नाही. तो घेऊन चिपळूणला येणार असाल तर काढून ठेवलेला दांडा आणि त्याची स्प्रिंग पिशवीत घालून आणा. स्प्रिंग हरवली असेल तर यायच्या आधी कळवा, मी मागवून ठेवतो.